आतले साहेब

रुग्णालयाच्या आतल्या खोलीत साहेब बसत नाहीत, ही गोष्ट सहा वर्षं गावात फक्त चौघांना ठाऊक होती. डॉक्टरीणबाईंना, मोठ्या सिस्टरना, कंपाउंडरला आणि पहारेकऱ्याला. त्यांतला पहारेकरी साहेबांसाठी येणारा डबा खायचा, त्यामुळे त्याच्याकडून बातमी फुटण्याची भीती सर्वांत कमी होती.

साहेब एके काळी होते. चांगले हाडामांसाचे होते. त्यांची बदली झाली, खुर्चीवरची आपली उशी काखेत मारून ते निघून गेले आणि मागोमाग वरच्या कार्यालयातून बाईंच्या नावे कागद आला, की पुढील व्यवस्था होईपर्यंत रुग्णालयाचा कारभार तुम्ही पाहावा. पुढील व्यवस्था ही फार सावकाश चालणारी गोष्ट असते. सहा उन्हाळे उलटले तरी ती वाटेतच होती. बाई कागदाखाली ‘अधीक्षकांकरिता’ असं लिहून सही करायच्या. ते अधीक्षक कोण, असं वरूनही कधी कोणी विचारलं नाही.

सुरुवात मोठ्या सिस्टरनी केली. पहिल्याच महिन्यात खाणीवरच्या एका मजुराची बायको अडली होती. बाळाचे ठोके मंदावत चाललेले. बाईंनी सांगितलं, पोट उघडावं लागेल, आत्ताच. नवरा तयार होता, पण नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणाला, तुमचं बरोबर असेल बाई, पण एकदा साहेबांना विचारा. साहेब गेले, आता मीच आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, मग नवे येईपर्यंत थांबतो. बाळ तेवढं थांबणार नव्हतं. सिस्टर हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवून म्हणाल्या, थांबा, नवे साहेब आत्ताच मागच्या दाराने आलेत, विचारून येते. आत गेल्या, मनात वीस आकडे मोजले, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “साहेब म्हणतात, ताबडतोब करा, नाहीतर मला तोंड दाखवू नका.” थोरल्या भावाने तिथेच अंगठा उठवला. मूल वाचलं, आई वाचली, आणि साहेबांच्या हाताला गुण आहे असं गावभर झालं.

तेव्हापासून ती रीतच पडली. बाईंना आधी लाज वाटायची. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या खोलीत गेलं की मिनिटभर कोणी बोलत नाही. खोलीत हातमोज्यांची खोकी होती, मोडका वजनकाटा होता आणि ती खुर्ची होती. बाई खुर्चीवर बसायच्या नाहीत. बाजूच्या स्टुलावर बसायच्या, भिंतीकडे बघायच्या आणि खरोखरच विचार करायच्या. बाहेर नातेवाइकांच्या गराड्यात तो करायला कोणी देत नसे. त्यामुळे ‘साहेबांना विचारून येते’ हे अगदीच खोटं होतं असं त्यांना वाटेनासं झालं. माणूस स्वतःच्या सोयीचं खोटं असं हळूहळू खऱ्याच्या रांगेत नेऊन बसवतो.

गावाने बाकीचं काम केलं. साहेब तापट आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुडघा दुखतो म्हणून बाहेर पडत नाहीत, हे त्याहून जास्त जणांना ठाऊक होतं. न्हावी तर छातीवर हात ठेवून सांगायचा की महिन्यातून एकदा साहेबांचे केस तोच कापतो आणि मागे थोडं टक्कल पडायला लागलं आहे.

राहता राहिल्या सासूबाई. रुग्णालयाच्या मागच्या दोन खोल्यांत बाई आणि सासूबाई राहत. बाईंचा नवरा पंप बसवायच्या कामावर दूर असे, पंधरा दिवसांनी येई, जेवून झोपे आणि परत जाई. सासूबाईंच्या घड्याळात जेवणाची वेळ एकच होती. सुनेला उशीर झाला की त्यांचा चेहरा झाकण लावलेल्या पातेल्यासारखा व्हायचा. पण ‘साहेबांनी थांबवलं’ असं म्हटलं की झाकण निघायचं. साहेबच थांबवतात म्हटल्यावर पोर तरी काय करणार. पुढे पुढे त्यांनी साहेबांचाही डबा करायला सुरुवात केली, कारण एकट्या माणसाचे हाल होतात. त्यांना साहेब आवडत होते असं मात्र नाही. “एकदा भेटू दे मला,” त्या म्हणायच्या, “माणसाला किती राबवावं याला काही माप आहे की नाही, ते विचारते.”

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव काढेना. तळ्याचा तळ भेगाळला, खालच्या अंगाच्या विहिरी खरवडून निघाल्या, आणि बाजारातल्या दगडी विहिरीत तेवढं पाणी राहिलं. सगळं गाव तिच्यावर आलं.

सोमवारी तीन पेशंट आले, जुलाब आणि उलट्यांचे. गुरुवारी एकतीस होते. खाटा संपल्या तेव्हा चटया आल्या, चटया संपल्या तेव्हा पोती आली. सलाईनच्या बाटल्या टांगायला स्टँड पुरेनात, म्हणून व्हरांड्याच्या भिंतीत ओळीने खिळे मारले. माणसं आत येताना दोन जणांच्या खांद्यावर येत. डोळे खोल गेलेले, ओठांवर पांढरी साय धरलेली. बाई पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडत, तर ती तशीच उभी राही, सुरकुतलेल्या कापडासारखी. आटलेल्या शिरा शोधून शोधून सिस्टरचं मनगट सुजलं. त्यांनी त्याला पट्टी बांधली आणि पुढची शीर शोधायला घेतली.

मागच्या अंगणात सासूबाई पहाटेपासून पाणी उकळायच्या. ते गाळायचं, निववायचं, त्यात जलसंजीवनीच्या पुड्या सोडायच्या, लांब डावाने ढवळायचं आणि डबे भरून व्हरांड्यात पोचवायचे. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. चार दिवसांत त्या एकदाही जेवणाच्या वेळेबद्दल बोलल्या नाहीत, यावरून दुखणं किती मोठं होतं ते कळावं.

शुक्रवारी सकाळी एक म्हातारी विणकरीण गेली. तिला खाटेवरून उचलताना बाईंच्या हातांना वजनच लागलं नाही. तिच्या उशाची बाटली उतरवून ठेवली आणि खिळा रिकामा राहिला.

पाण्याचे नमुने तपासून आले. बाकी सगळं ठीक होतं, दगडी विहीर तेवढी घाण होती. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला वीस पावलांवर पाणी समितीने बाजारकरांसाठी नवं शौचालय बांधलं होतं आणि त्याचा खड्डा कच्चाच ठेवला होता. गावाच्या आरोग्यासाठी केलेल्या कामाने गाव आडवं झालं होतं.

बाईंनी कागद लिहिला. विहीर पूर्ण बंद, खड्डा उपसून हलवायचा, औषध टाकून पाणी दोनदा तपासल्याशिवाय थेंब काढायचा नाही. तोवर रुग्णालयाच्या बोअरचं पाणी, घरटी दोन हंडे. खाली लिहिलं, ‘अधीक्षकांकरिता’. कंपाउंडरने पत्र्याचा डबा बडवत चारही गल्ल्यांतून ओरडून सांगितलं, “साहेबांचा हुकूम आहे हो.” लोहाराने रहाटाचा दोर सोडून आपल्या दुकानात नेऊन ठेवला. कोणी हूं की चूं केलं नाही.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, साहेब आहेत म्हणून गाव वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, साहेब जरा कडकच आहेत. तिसऱ्या दिवशी बोअरच्या रांगेत दोन बायकांची हंड्यांनी मारामारी झाली आणि साहेबांच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू झाली.

चौथ्या दिवशी पाणी समितीचे अध्यक्ष चाळीसेक माणसं घेऊन रुग्णालयाच्या पायरीशी आले. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. घरात नऊ माणसं, दोन हंडे पाणी, अंगभर घामोळं. तशात माणूस सभ्य राहील तेवढे ते होते. बाई एका पेशंटच्या हातातली सुई नीट करत होत्या. अध्यक्षांनी त्यांचं काम होईपर्यंत वाट पाहिली आणि मग हातातला अर्ज पुढे केला.

“बाई, तुमच्याशी आमचं भांडण नाही. निरोप आणणाऱ्याशी कोण भांडतं? हा एवढा आत नेऊन द्या.”

बाई अर्ज घेऊन आत गेल्या. स्टुलावर बसल्या. अर्जात लिहिलं होतं की साहेबांनी आजवर गावासाठी जे कष्ट घेतले त्यांना तोड नाही. प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक ऑपरेशन, साप चावलेली तीन माणसं वाचवली ती, सगळं त्यात होतं. गाव हे ऋण विसरणार नाही, तरी साहेबांनी कृपा करून विहीर उघडावी. खाली दीडशे सह्या आणि अंगठे होते. बाईंनी सगळे वाचले. त्यांतले कितीतरी अंगठे त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन, पुसून, पट्टी बांधून घरी पाठवले होते.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, साहेब नाही म्हणतात.

अध्यक्ष म्हणाले की तेच आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. दोन मिनिटं. पुरुषमाणसाला पुरुषमाणसाची अडचण लवकर कळते, आणि बाई, तुम्ही निरोप नेताना त्यातली धग कमी होत असेल. शाळेची दुपारची घंटा होईपर्यंत आम्ही इथे झाडाखाली बसतो. तोवर साहेब बाहेर आले तर त्यांचा शब्द शिरसावंद्य. नाहीतर दोर लावतो. एवढं बोलून ते खरोखरच झाडाखाली जाऊन बसले आणि मागोमाग चाळीस जण बसले.

आतल्या खोलीत तिघांची बैठक झाली. कंपाउंडर आला तो पांढरा कोट घालून, कोणाचा तरी जाड चष्मा लावून आणि केस मागे वळवून. कोटाला नुकतीच इस्त्री केलेली होती. या दिवसाची तो सहा वर्षं वाट बघत होता अशी शंका यावी.

“मी खुर्चीत पाठमोरा बसतो,” तो म्हणाला. “दार थोडंसं किलकिलं. एकट्या अध्यक्षांना आत घ्या.”

“तुझा आवाज गावातली कुत्रीसुद्धा ओळखतात,” सिस्टर म्हणाल्या. “रोज खिडकीतून ‘पुढचा, पुढचा’ म्हणून कोकलतोस.”

“बोलणारच नाही. नुसतं हं करीन. मोठी माणसं कुठे बोलतात?”

चार दिवसांत बाई पहिल्यांदाच हसल्या. आणि हसता हसता थांबल्या, कारण त्यांच्या लक्षात आलं की आपले डोळे दारापासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजताहेत. पाठमोरा बसला, उजेड मागून आला, तर जमेल. अगदी सहज जमेल. विहीर बंद राहील, माणसं वाचतील, आणि मग ह्या खुर्चीतून तो माणूस कधीच उठवता येणार नाही. कंपाउंडर निवृत्त झाला तरी त्याचा कोट तिथे बसलेला राहील.

बाई बोळात आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुकलेला चेहरा, कोटाच्या बाहीवर वाळलेलं कोणाचं तरी रक्त, भिंतीला टेकलेलं डोकं. त्यांनी डबा खाली ठेवला.

“आहे का तो आत?”

बाईंना उत्तर सुचायच्या आत सासूबाई चालू लागल्या होत्या. गुडघे धरून चालणारी ती बाई एवढ्या वेगाने चालू शकते हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी अडवू शकलं नाही. त्यांनी पडदा बाजूला केला. आतून कंपाउंडर कोट काढत घाईघाईने बाहेर पळाला. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

त्या बाहेर आल्या तोवर आजी आत गेल्या ही बातमी झाडाखाली पोचली होती, आणि सगळे पायरीशी येऊन उभे राहिले होते. अध्यक्षांनी अदबीने विचारलं, काय म्हणाले साहेब?

सासूबाईंनी आधी गर्दीकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. वर्षानुवर्षं ज्या घरी आहेर पाठवला ते घरच नव्हतं असं कळलेल्या माणसासारखा होता.

“मला नका विचारू,” त्या म्हणाल्या. “मी आज पहिल्यांदाच आत गेले.” आणि सुनेला म्हणाल्या, “तू सांग. तुझं तू सांग.”

बाई पायरीवर आल्या. ऊन डोळ्यांत घुसत होतं.

“आत साहेब नाहीत.”

“बाहेर गेलेत?” अध्यक्ष म्हणाले. “कधी येतील?”

“सहा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर कोणी आलेलं नाही.”

गर्दीला हे समजायला वेळ लागला. दोघे-तिघे हसले, कारण बाई कधी चेष्टा करत नसत आणि आज केली. मागून एक गवंडी पुढे आला. त्याच्या अंतर्गळाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं.

“असं कसं बाई? माझं पोट साहेबांनीच तर शिवलं.”

“मी शिवलं. तुम्हाला भूल दिली होती.”

“मग शुद्धीवर आल्यावर साहेब म्हणाले होते, सहा महिने जड उचलू नकोस.”

“तेही मीच. तुमचे डोळे मिटलेले होते.”

गवंडी पोटावर हात ठेवून विचार करत उभा राहिला. न्हावी कधीच गर्दीच्या मागच्या टोकाला पोचला होता आणि चपलेच्या अंगठ्याकडे निरखून पाहत होता.

“म्हणजे विहीर कोणी बंद केली?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी.”

“कोणाच्या हुकमाने?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या. शब्द त्यांना वाटला होता त्याहून लहान निघाला.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. फसवलं गेल्याचा राग आणि दीडशे सह्यांचं कौतुक नको त्या पत्त्यावर पोचल्याचा राग, असे दोन्ही त्यात होते. गावाला खोटं सांगितलंत, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, सांगितलं. त्याचं जे काय व्हायचं ते होऊ दे, वर तक्रार करा, मी खाली सही करते. पण पाणी घाण आहे ते माझ्या खोटेपणाने स्वच्छ होत नाही. त्यावर अध्यक्षांनी फक्त एवढंच म्हटलं की हुकूमच खोटा तर बंदी कसली, आणि ते वळले. चाळीस माणसं वळली.

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं. “जा,” सिस्टर म्हणाल्या. “इथलं मी बघते.”

विहिरीपाशी लोहाराने दोर आणून टाकला. त्याने तो बांधला मात्र नाही, माझं दुकान उघडं आहे म्हणून निघून गेला. चार जणांनी मिळून रहाटावर दोर चढवला. मग एक अडचण उभी राहिली. पाणी काढायचं कोणी? त्या गावात विहिरीचे ठराव पुरुष करत आणि पाणी बायका काढत. बायका हंडे घेऊन पलीकडे उभ्या होत्या. रुग्णालयाकडून त्या इथे आल्या होत्या, पण बोअरच्या रांगेतली आपली जागा राखायला एकेकीने मागे कोणाला तरी ठेवलं होतं.

“भरून घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

कोणी हललं नाही. त्यांच्यातली एक पिकल्या केसांची बाई म्हणाली, “आधी तुम्ही काढून बघा. गाठ नीट बसली का ते कळेल.”

अध्यक्षांनी बाह्या वर केल्या. बादली आत सोडली ती पाण्यावर तिरकी न पडता सपाट पडली आणि तरंगत राहिली. पलीकडे कोणीतरी हळूच च्‌ च्‌ केलं. दोर हिसडून, झटके देऊन एकदाची ती बुडाली. वर ओढताना ती बाजूच्या दगडांवर आपटत आली आणि काठावर पोचली तेव्हा निम्मी होती. अध्यक्षांच्या तळहाताची साल गेली होती. बादलीतलं पाणी मात्र गार होतं, निवळशंख होतं. चार दिवस दोन हंड्यांत भागवणाऱ्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं आणि गिळलं.

बाई कठड्याच्या अलीकडे उभ्या होत्या. डोक्यावर ऊन, तोंडाला कोरड. त्यांना मोठ्याने काही सांगायचं त्राण नव्हतं.

“आजारी पडलेल्या सगळ्यांनाच हे पाणी छान दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही प्यायलात तर मी अडवणार नाही. अडवायला माझ्याकडे साहेब नाहीत. व्हरांड्यात एक खिळा रिकामा आहे, तो तुमच्यासाठी ठेवते.”

कोणीतरी अध्यक्षांच्या हातात पेला दिला. त्यांनी तो बादलीत बुडवून भरला. ओठांपर्यंत नेला. त्यांच्या कानशिलावरून घाम निघाला, गालावरून उतरला आणि हनुवटीवर येऊन थांबला. चाळीस माणसं आणि तेवढ्याच बायका बघत होत्या. त्या खिळ्याखाली कोण गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीच्या तिरडीला अध्यक्षांनी स्वतः खांदा दिला होता.

त्यांनी पेला खाली केला.

“मला तहान नाही,” ते म्हणाले.

भर दुपारी, त्या उन्हाळ्यात. कोणी हसलं नाही, हे त्या गावाच्या भल्या बाजूला मांडायला हवं. पेल्यातलं पाणी ते आपल्या तापलेल्या पायांवर ओतणार होते.

“पायांवरही नको,” बाई म्हणाल्या. “साल गेली असेल कुठे.”

त्यांनी ते लांब मातीत ओतलं. बायका केव्हाच बोअरच्या रांगेकडे वळल्या होत्या.

घरी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. बाई येऊन भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या. बराच वेळ पाणी उकळत राहिलं.

“उशीर व्हायचा तो मग कोण करायचं?” सासूबाईंनी चुलीकडे बघतच विचारलं.

“मीच.”

“थांबवायचं कोणी नाही?”

“पेशंट असायचे. पण थांबा असं कोणी म्हणायचं नाही. मीच थांबायचे.”

“मला तरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं, तर तुम्ही थांबू दिलं असतंत?”

सासूबाईंनी फडक्याने पातेल्याचे कान धरले. पातेलं उतरवून ठेवलं. वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

“नसतं दिलं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सुनेपुढे ताट ठेवलं आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. सुनेने चार घास खाल्ले आणि पाचवा हातात धरूनच तिला झोप लागली. व्हरांड्यातून बोलावणं आलं तेव्हा सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की डॉक्टर अर्ध्या तासाने येतील, फारच अडलं तर हाक मारा. हे त्यांना कोणी सांगितलं होतं, असं विचारायची छाती कोणाची झाली नाही.

तक्रार वर गेलीच. अध्यक्षांनी नाही, न्हाव्याने केली. त्याची अब्रू गेली होती. वरून उत्तर आलं की झाल्या प्रकाराबद्दल बाईंनी आपला खुलासा आठ दिवसांच्या आत अधीक्षकांमार्फत पाठवावा. बाईंनी तो लिहिला, अधीक्षकांकडे पाठवला, अधीक्षक म्हणून वाचला आणि समाधानकारक वाटल्यावर पुढे धाडला. पुढचं उत्तर अजून आलेलं नाही.

विहिरीवरचा दोर त्या दुपारीच उतरला आणि पुन्हा चढला नाही. शौचालयाचा खड्डा अध्यक्षांनी उभं राहून उपसून घेतला, पलीकडे उताराला नवा खणला, बुजवलेल्या खड्ड्यावर चुना टाकला. तळहाताला फडकं बांधून त्यांनी स्वतःही दोन पाट्या ओढल्या. व्हरांड्यातल्या पोत्यांवरची माणसं चटयांवर गेली, चटयांवरची खाटांवर आणि खाटांवरची घरी. गवंडी एकदा येऊन पोटावरचा व्रण बाईंना दाखवून गेला. टाका चांगला बसलाय म्हणाला. जसं काही काम त्याने आत्ताच पास केलं होतं.

त्या दुपारनंतरच्या दहाव्या दिवशी सकाळी अध्यक्ष पुन्हा पायरीशी आले. बरोबर तितकीच माणसं होती, या खेपेला बायकाही होत्या. पाण्याचा पहिला नमुना स्वच्छ आला होता. दुसराही आदल्या दिवशी स्वच्छ आला. कागद अध्यक्षांनीच पुढे केला.

“आता उघडायची का?” त्यांनी विचारलं. थेट बाईंकडे बघून विचारलं.

बाईंनी कागद वाचला. दोन्ही नमुने चांगले होते. पण पहाटे बाजारामागच्या गल्लीतली एक पोरगी आली होती, त्याच लक्षणांची. तिची आई म्हणत होती की विहिरीचा थेंब घरात आलेला नाही. आई खरं बोलत असेल. भीतीने खोटंही बोलत असेल. घरात जुन्या पाण्याचा माठ राहिला असेल. किंवा जमिनीखालून कुठून तरी अजून पाझर चालू असेल, जो दोन नमुन्यांत सापडला नाही आणि तिसऱ्यात सापडेल. दुसऱ्या बाजूला रुग्णालयाचा बोअर कालपासून माती ओकत होता. तो बसला तर ह्या सगळ्यांना आणि आतल्या पेशंटना पाणीच नाही.

बाईंचा पाय सवयीने मागे वळला. आत जावं, स्टुलावर बसावं, भिंतीकडे बघावं. पण आत जाऊन आता काय सांगणार होत्या? कोणाला विचारायला गेल्या म्हणून? त्या जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या, हातात कागद धरून. कपाळाला आठी पडली. ओठ मिटले. नजर समोरच्या माणसांवर होती, पण माणसं दिसत नव्हती.

लोक बघत होते. गावात विचार करायची जागा आजवर पडद्याआड होती. बाहेर यायचा तो निकाल. हे काम करताना माणूस कसा दिसतो आणि त्याला इतका वेळ लागतो, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. मागे कोणीतरी कुजबुजलं, काय झालं, बोलत का नाहीत? अध्यक्षांनी मान न वळवता हात वर केला.

“गप्प रहा जरा. त्या विचार करताहेत.”

आणि सगळे उन्हात उभे राहिले. हंडे कमरेवर, कोणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्यामागे सासूबाई डबा धरून थांबल्या होत्या. डबा जड होता, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

“आधी त्या गल्लीतल्या घरांतले माठ बघते,” शेवटी बाई म्हणाल्या. “तिसरा नमुना आज पाठवते. अजून दोन दिवस बंद. बोअर बसला तर मात्र त्याच्या आधी उघडावी लागेल, आणि मग प्रत्येक घराने पाणी उकळायचं. माझं चुकतही असेल.”

चुकत असेल असं साहेब कधी म्हणाले नव्हते. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला.

“कुठलं घर आधी?” ते म्हणाले. “चला, मी दाखवतो.”